थोरांचे चरित्र आणि घरचे माजघर

चातुर्मासात दिवेलागण झाली, की माजघरात बसून एखादा ग्रंथ मोठ्याने वाचावयाचा, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. वडिलांच्या हयातीत हा मान पोथीचा असे. पुढे मंडळींची आवड पालटली, तसा पोथीच्या जोडीला इतिहास, प्रवासवर्णने व चरित्रे यांचाही शिरकाव झाला. वाचणारा एक, ऐकणारे सात-आठ, आणि मध्येच उठून चुलीवरचे पाहून येणारी एखादी सूनबाई, असा हा थाट असतो. आता चुलीच्या जागी गॅस आला आणि मुलांच्या हाती मोबाईल आले. तरी सिन्नरच्या आमच्या जुन्या वाड्यात हा परिपाठ अद्याप मोडलेला नाही, ही मी ईश्वरी कृपाच समजतो.

यंदाच्या वाचनाची हकीकत मात्र नेहमीपेक्षा निराळी आहे, आणि ती सांगावी की न सांगावी याचा मी पंधरा दिवस विचार केला. अखेरीस सांगावी असेच ठरविले. कारण या सदराच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मोठी कुटुंबे आहेत, मोठी पुस्तके आहेत, आणि ज्यांविषयी कधीच बोलणे होत नाही अशा काही गोष्टीही असतीलच.

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणारा आमचा पुतण्या उन्हाळ्यात घरी आला, तो माझ्यासाठी एक इंग्रजी ग्रंथ घेऊन आला. रॉन चेर्नो या ग्रंथकाराने लिहिलेले हे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चरित्र २०१० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. पृष्ठसंख्या नऊशेंहून अधिक. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. सारा जन्म संस्कृतची रूपे पाठ करविण्यात आणि मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेला. तथापि कोश उशाशी घेऊन, दिवसाकाठी आठ-दहा पाने या गतीने, आषाढ लागेपर्यंत मी ग्रंथ तडीस नेला. सकाळी जे वाचावयाचे ते सायंकाळी माजघरात मराठीतून सांगावयाचे, असा क्रम होता.

वॉशिंग्टन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांस प्रथम कळले ते शाळेच्या वाचनपुस्तकातून. लहानग्या जॉर्जने नवी कुऱ्हाड हाती येताच वडिलांच्या बागेतील आवडत्या चेरीच्या झाडावर ती चालविली, वडिलांनी दरडावून विचारले, तेव्हा मुलाने न भिता अपराध कबूल केला, आणि वडिलांनी त्यास पोटाशी धरले, ही ती गोष्ट. मी स्वतः ती तीस-बत्तीस वर्षे, प्रतिवर्षी नव्या वर्गाला, रंगवून रंगवून सांगितली. फळ्यावर झाड काढीत असे, कुऱ्हाड काढीत असे. मुले डोळे विस्फारून ऐकत, आणि तास संपला म्हणजे आपण सत्याचे बीज पेरले असे मला वाटे.

या ग्रंथाने मला सांगितले, की ही गोष्ट घडलीच नाही. वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात वारले. लगेच पुढच्या वर्षी वीम्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने त्यांचे एक चटकदार चरित्र छापले. ते हातोहात खपले, आणि १८०६ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत त्याने ही झाडाची कथा प्रथम घातली. तीस कोणताही विश्वसनीय आधार नाही. म्हणजे सत्याचे महत्त्व शिकविण्यासाठी जगभर सांगितली गेलेली ही गोष्ट मुळातच असत्य! हे मी माजघरात सांगितले, तेव्हा माझी नात पटकन म्हणाली, "मग आजोबा, तुम्ही इतकी वर्षे शाळेत खोटेच सांगत होता की!" सगळे हसले, मीही हसलो. पण हसणे ओसरल्यावर ते वाक्य मनात राहून गेले.

पुढचा भाग त्याहून गंभीर होता. वॉशिंग्टन यांचा मोठेपणा खराच मोठा आहे. युद्ध जिंकलेला सेनापती. मनात आणता तर राजा होता. पण १७८३ साली त्यांनी सेनापतिपदाचा राजीनामा प्रतिनिधिसभेच्या हाती दिला आणि ते शेतीवर परतले. पुढे आठ वर्षे राष्ट्राध्यक्षपद भूषवून १७९७ साली ते आपण होऊन पायउतार झाले. सत्ता मिळविणारे पुष्कळ. मिळालेली सत्ता स्वेच्छेने खाली ठेवणारे विरळा. हे वाचताना अंगावर काटा येतो. परंतु त्याच गृहस्थाच्या शेतीवर तीनशेंहून अधिक गुलाम राबत होते. राजधानी फिलाडेल्फियास असताना पेन्सिल्व्हेनिया प्रांतात असा कायदा होता, की बाहेरून आणलेला गुलाम तेथे सहा महिने राहिला तर त्यास स्वातंत्र्य मागता येई. तेव्हा घरच्या गुलामांना मुदत भरण्यापूर्वीच काही निमित्त काढून प्रांताबाहेर पाठवावे, आणि त्यांस व लोकांस खरे कारण समजू नये, अशा अर्थाची सूचना वॉशिंग्टन यांनी १७९१ साली आपल्या चिटणिसास पत्राने दिली. कुऱ्हाडीच्या गोष्टीत कधी खोटे न बोलणारा मुलगा, आणि खऱ्या कागदात हे पत्र! आयुष्याच्या शेवटी मृत्युपत्र करून आपल्या मालकीचे एकशे तेवीस गुलाम पत्नीच्या पश्चात मुक्त व्हावेत अशी त्यांनी तजवीज केली, हेही खरे. चरित्रकाराने यातले काही लपविले नाही. मोठे चरित्र मोठे का असते, तर त्यात हे सर्व मावते म्हणून.

मी हा भाग जरा आवेशाने सांगत होतो. आमच्या गृहिणीने शांतपणे म्हटले, "लांबच्या माणसाचे दोष सांगताना तुमचा आवाज चांगला मोठा होतो. आता एखादे आपल्याकडचे चरित्र काढा, मग पाहू."

या बोलण्याचा मला थोडा राग आला; पण दुसऱ्याच दिवशी मी वडिलांच्या कपाटातून न. र. फाटक यांनी लिहिलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र काढले. १९२४ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ वडिलांनी कोठून तरी जुना मिळविला होता. पुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी झालेली. रानडे आमच्याच जिल्ह्यातले. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे त्यांचा जन्म झाला, आणि निफाड म्हणजे आमच्या सिन्नरचा शेजारचाच तालुका. कांद्याच्या गाड्या आणि द्राक्षांचे मळे यांसाठी निफाड सर्वांस ठाऊक. परंतु ज्या पुरुषाने महाराष्ट्रास सभा भरविणे, अर्ज लिहिणे, आकडे मांडून राज्यकर्त्यांस जाब विचारणे शिकविले, तो त्या गावी जन्मला, याची आठवण बाजारास जाणाऱ्या किती जणांस असते, हा प्रश्नच आहे.

रानड्यांच्या सार्वजनिक कार्याची यादी येथे विस्ताराने देत नाही. ती वाचकांस परिचित आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत ते उत्तीर्ण झाले. १८६२ साली बी. ए. च्या पहिल्या तुकडीतही तेच. १८७१ साली ते पुण्यास न्यायखात्यात आले आणि आदल्याच वर्षी निघालेल्या सार्वजनिक सभेचा तो जणू प्राण होऊन बसले. वसंत व्याख्यानमाला, मुलींची शाळा, सामाजिक परिषद, उद्योगधंद्यांविषयीचे लेखन, मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथ, या सर्वांत त्यांचा हात. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, साठावे वर्ष लागण्यास दोन दिवस उरले असता, वारले. हे सर्व आम्ही आठ-दहा सायंकाळींत वाचून काढले. वाचन जरा जड जात होते. नातवंडे जांभया देऊ लागली.

तेव्हा आमच्या धाकट्या सूनबाईने एक युक्ती काढली. तिने वाचनालयातून रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आणले. पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, १९१० साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक फाटकांच्या ग्रंथाच्या मानाने लहानसे. तिने ठरविले असे, की एका सायंकाळी मी मोठे चरित्र वाचावे आणि दुसऱ्या सायंकाळी तिने हे लहान वाचावे. झाले! माजघर पुन्हा भरू लागले. याच सुमारास माझी धाकटी बहीण श्रावणासाठी माहेरी राहावयास आली होती. तीही येऊन बसू लागली.

ही दोन पुस्तके एका पुरुषाविषयीची खरी, पण ती जणू एकाच वाड्याच्या दोन दारांनी आत नेतात. मोठ्या चरित्राच्या दारातून गेले, की दिवाणखाना लागतो: सभा, ठराव, वादविवाद, सरकारची वक्रदृष्टी, बदल्यांचे हुकूम. रमाबाईंच्या दारातून गेले, की आपण एकदम स्वयंपाकघरात उतरतो. तेथे सासूबाई आहेत, विधवा नणंद आहे, इतर आप्तस्त्रिया आहेत. आणि त्या सर्वांच्या देखत नवऱ्याच्या आज्ञेवरून अक्षरे गिरविणारी एक लहान मुलगी आहे. लहानपणी आईने दोन वड्या देऊन, मोठी तू घे व धाकटी गड्याच्या मुलाला दे, असे सांगितले, तेव्हा या मुलाने मोठी वडी त्यालाच दिली. खेळावयास कोणी नसले म्हणजे खांबाला भिडू करून सोंगट्या खेळावयाच्या आणि खांब जिंकला तर आपण हार मानावयाची, या सुप्रसिद्ध हकीकती सूनबाईने वाचल्या. नातीने लगेच विचारले, "ही गोष्ट तरी खरी ना, की कुऱ्हाडीसारखीच?"

प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितले, की वीम्सला झाडाची गोष्ट कोणी सांगितली याचा पत्ता लागत नाही. येथे मात्र सांगणारी बाई त्या घरात सत्तावीस वर्षे नांदली आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून या आठवणी तिने ऐकल्या. आठवण म्हणजे पुरावा नव्हे; परंतु ती कोणाची, कोणत्या मुखातून आलेली, हे समजले म्हणजे तिचे वजन करता येते. आपल्या मराठीतील आद्य चरित्रग्रंथ जो लीळाचरित्र, तो म्हाइंभटांनी याच रीतीने सिद्ध केला. श्रीचक्रधरांच्या पश्चात त्यांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्यास विचारून लिहून घेतले. सिन्नरचे आमचे गोंदेश्वराचे देऊळ ज्या यादवांच्या अमदानीतले, त्याच अमदानीतला हा ग्रंथ. तेव्हा चरित्र कसे लिहावे हे आपणांस कोणा परक्याने शिकवावयास हवे होते असे नाही; आपण मध्यंतरी ते विसरलो, इतकेच.

असो. दोन्ही पुस्तके वाचता वाचता आम्ही १८७३ सालापाशी येऊन पोहोचलो, आणि तेथे माजघरातली हवाच बदलली.

त्या साली रानड्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई क्षयाने वारल्या. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे, सरकारी न्यायाधीश, आणि विधवाविवाहाच्या पक्षाचे एक प्रमुख आधारस्तंभ. १८६९ साली मुंबईस पुनर्विवाह लागला, पुढच्या वर्षी पुण्यास शास्त्रार्थ झाला, या सर्वांत ते सुधारकांच्या बाजूने उभे होते. साहजिकच सर्वांची अपेक्षा, की आता हा पुरुष विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे चालून दाखवील. वडील गोविंदराव यांसही नेमके हेच भय वाटत होते. त्यांनी घाईघाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी ठरविली. रानड्यांनी विनवून पाहिले, मुदत मागून पाहिली. वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली. अखेर पुत्राने मान लवविली. पहिल्या पत्नीच्या निधनास काही महिनेही लोटले नव्हते, तोच डिसेंबरात विवाह झाला. ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजेच रमाबाई.

पुण्यात, मुंबईत टीकेचा भडिमार झाला. आणि तो अन्याय्य होता असे म्हणवत नाही. येथे काळाचा एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच १८७३ साली, त्याच पुण्यात, जोतिराव फुले यांनी सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापिला आणि 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध करून, गुलामांना दास्यातून सोडविल्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो अर्पण केला. एकाच शहरात, एकाच वर्षी, एक माणूस बोलल्याप्रमाणे चालत होता आणि दुसऱ्या एका खरोखर थोर माणसाचे पाऊल घराच्या उंबरठ्याशी अडखळले होते. आपल्या घरांतील कपाटांत रानड्यांचे चरित्र असते आणि फुल्यांचे नसते, हेही या निमित्ताने आम्हीच आम्हांस विचारून पाहावे.

यानंतरचा प्रकार विलक्षण आहे. ज्या विवाहाने रानड्यांच्या तत्त्वास बाध आला, त्याच विवाहातून त्यांनी एक विदुषी उभी केली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी पत्नीस मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. पुढे मराठी वाचन, मग इंग्रजी. दिवसा घरातील बायकांची टोचणी, रात्री नवऱ्याचा अभ्यास. रानडे त्या बायकांशी भांडले नाहीत, आणि शिकविणेही सोडले नाही. उलट बोलू नये, पण पुस्तक खालीही ठेवू नये, असाच त्यांचा पत्नीस उपदेश. याच रमाबाईंनी पुढे पुण्यास सेवासदन नावारूपास आणले आणि सहस्रावधी स्त्रियांच्या हाती पाटी दिली. म्हणजे १८७३ चा दोष धुऊन निघाला काय? मला तसे म्हणता येत नाही. ज्या विधवेशी त्यांनी विवाह केला असता, आणि त्या एका उदाहरणाने ज्या अनेकींना धीर आला असता, त्या सर्व जणी जमेच्या बाजूस कोठेच दिसत नाहीत. त्यांचे चरित्र कोणी लिहिलेले नाही.

पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे प्रकरण माजले, त्यातही हेच दिसते. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःच्या सोयीसाठी नव्हे, तर मित्रांच्या कुटुंबांची कोंडी सुटावी म्हणून. रमाबाईंना या गोष्टीचे फार वाईट वाटले, आणि ते त्यांनी लपविले नाही. नवऱ्यावर देवासारखी भक्ती, आणि तरी जेथे मन दुखावले ते लिहून ठेवण्याचे धैर्य, हे या लहान पुस्तकाचे मोठेपण. पतीचे दोष दाखविण्यासाठी तिने लेखणी धरली नाही. पण लेखणी धरल्यावर खोटेही लिहिले नाही.

१८७३ चे प्रकरण वाचून संपले, त्या सायंकाळी मी पुस्तक मिटून रानड्यांच्या बाजूने थोडे बोललो. म्हणालो, की तो काळ पाहावा. एकत्र कुटुंब, वडिलांचा धाक, मातृवियोग झालेला ज्येष्ठ पुत्र, बापाचा शब्द मोडणे म्हणजे घर मोडणे. अशा वेळी माणूस गप्प बसतो, त्यास भ्याड म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

माझी बहीण शेंगा निवडीत बसली होती. तिने मान वर न करताच म्हटले, "पण दादा, सगळेच कुठे गप्प बसतात? माझ्या वेळी तू बोललास की नाही? अण्णांनी ऐकले नाही, हा भाग निराळा."

वाचकहो, येथे मला मागची गोष्ट सांगितली पाहिजे. १९७७ साली माझी ही बहीण शालान्त परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. मी त्याच्या थोडेच आधी अध्यापनाची पदविका घेऊन शाळेत लागलो होतो. तिलाही शिक्षिका व्हावयाचे होते. त्यासाठी नाशिकास दोन वर्षे वसतिगृहात राहावे लागले असते. खर्च मोठा नव्हता. माझ्या पगारातून भागला असता. वडिलांच्या मनात नव्हते; एक स्थळ चालून आले होते. त्यांनी मला ओसरीवर बोलावून विचारले, "तू शिकलेला आहेस, तुझे मत काय?" आत माजघराच्या दाराआड बहीण उभी होती, हे मला ठाऊक होते, परंतु आमचे बोलणे तिला ऐकू जात नव्हते, हेही ठाऊक होते. वडिलांनी मत विचारले होते. दार उघडे होते. मी म्हणालो, "आपण म्हणाल तसे." इतकेच. तीन शब्द. पुढल्या फाल्गुनात तिचे लग्न झाले.

आत आल्यावर तिने डोळ्यांनी विचारले, आणि मी मान हलविली. त्या मान हलविण्याचा अर्थ तिने असा घेतला, की दादाने सांगून पाहिले पण उपयोग झाला नाही. तो अर्थ चुकीचा आहे, हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे नाही. या काळात मी वर्गावर्गांतून कुऱ्हाडीची गोष्ट सांगत राहिलो.

रानड्यांनी निदान विनवून पाहिले होते. निदान मुदत मागितली होती. मी जी वकिली करीत होतो, ती रानड्यांची नव्हतीच. ती माझी स्वतःची होती, आणि माझ्याजवळ तर त्यांच्याइतकेही म्हणावयास काही नव्हते.

माजघरात सगळे होते. सुना होत्या, नातवंडे होती. विषय बदलणे सहज शक्य होते. दिवे लावण्याची, पाने घेण्याची वेळ झालीच होती. पण नात माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "नाही ग. मी बोललो नव्हतो. अण्णांनी मला विचारले होते, आणि आपण म्हणाल तसे, असे मी सांगितले."

गोष्टीतल्या बापाने मुलास पोटाशी धरले होते. येथे तसे काही झाले नाही. बहिणीने हातातली शेंग परातीत टाकली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षे माझ्या मनात होते, की घरात निदान एक माणूस माझ्या बाजूने होते." एवढे म्हणून ती उठली आणि परात घेऊन आत गेली. त्या रात्री आमच्याकडे कोणी फारसे जेवले नाही. दुसऱ्या सायंकाळी वाचन होईल की नाही, याची मला शंका होती. पण ती वेळेवर येऊन बसली आणि सूनबाईस म्हणाली, "हं, पुढचे वाच." माझ्याकडे तिने पाहिले नाही. श्रावण संपून ती सासरी निघाली, तेव्हा वाचनालयातून आणलेले ते रमाबाईंचे पुस्तक आपल्यास विकत मिळेल का, असे तिने विचारले. मी नाशिकहून एक प्रत आणून तिला दिली. तिने ती घेतली. मला क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि तसे ती म्हणेल म्हणून मी हे लिहीत नाही.

मग लिहितो कशासाठी? तर चरित्रे कशी वाचावीत, याविषयी दोन शब्द या वयात मला नव्याने उमगले, ते सांगण्यासाठी.

आपण थोरांची चरित्रे दोन रीतींनी वाचतो, आणि दोन्ही रीती सोयीच्या आहेत. एक, भक्तीने, म्हणजे दोष दिसले की पान उलटावयाचे. दुसरी, दोषदृष्टीने; म्हणजे इतक्या थोर माणसाचेही पाऊल घसरले, मग आमच्यासारख्यांची काय कथा, असे म्हणून स्वतःस मोकळे करून घ्यावयाचे. मी वॉशिंग्टन दुसऱ्या रीतीने वाचला आणि रानडे पहिल्या रीतीने. दोन्ही वेळा चरित्र माझ्या हाती होते, पण मी त्याच्या बाहेर होतो. तिसरी रीत अवघड आहे. थोर पुरुष जेथे अडखळला, तेथे थांबावे, आणि तसाच उंबरठा आपल्या घरात कोठे आहे, त्यावर आपण काय केले, हे आठवून पाहावे. त्याने दोष केल्यावर पुढे काय केले, हेही पाहावे. रानड्यांनी विवाहानंतर आपल्या पराभवाचे समर्थन करीत वेळ दवडला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी पाटी-पेन्सिल घेतली. वॉशिंग्टन यांनी निदान मृत्युपत्रात तरी आपला हिशेब लिहिला. मी काय केले? मी एक गोष्ट रंगवून सांगत राहिलो.

दुसरे असे, की मोठे चरित्र घरात असावेच, पण त्याच्या शेजारी लहान पुस्तकही असावे. आणि दिवाणखान्यातून पाहिलेल्या माणसाला माजघरातून पाहणाराही कोणी असावा. फाटकांचा ग्रंथ आणि रमाबाईंच्या आठवणी यांपैकी एकच वाचून ज्याचे समाधान होते, त्याला अर्धाच रानडे भेटतो. घरोघरीही असेच आहे. वडिलधाऱ्या पुरुषांनी सांगितलेला घराचा इतिहास आपण ऐकतो. त्याच घरात शेंगा निवडीत, पाने वाढीत, गप्प राहून ज्यांनी तो पाहिला, त्यांस आपण कधी विचारीत नाही. म्हाइंभटांना मात्र विचारावेसे वाटले होते.

माझी नात आता पाचवीत आहे. परवा तिने मला विचारले, की शाळेत कुऱ्हाडीची गोष्ट सांगावयाची वेळ आली तर मी काय सांगू? मी म्हणालो, गोष्ट सांग, आणि शेवटी ती खरी नाही हेही सांग. मग मुलांना विचार, की बापाने पोटाशी धरले नसते, तरी त्या मुलाने खरे सांगितले असते काय?

ती थोडा वेळ विचार करीत राहिली. उत्तर तिने अजून दिलेले नाही.